टिल्यार्डबाईंची डावी फुली

हॅलबरीतल्या निम्म्या बायकांना टिल्यार्डबाईंनी शिवण शिकवलं, आणि शिकवताना एकूण एक जणीला रडवलं. मीही त्यातलीच. सात वर्षांची असताना रुमालाची कड घालून मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढे धरली, तर बाईंनी समोरची बाजू पाहिलीसुद्धा नाही. रुमाल उलटा केला, मागून अंगठा फिरवला, कात्रीचं टोक घातलं आणि सगळं उसवून माझ्या मांडीवर टाकलं.

"समोरून कुणीही नीट दिसतं, हेस्टर. मला पाठ दाखव."

आता माझी पस्तिशी उलटली. बाजारचौकात आमचं कापडाचं दुकान आहे, आणि आजही कुठलंही भरतकाम हातात आलं की मी आधी ते उलटं करते. आमचे हे हसतात. हसू देत, त्यांना कधी टिल्यार्डबाईंच्या बाकावर बसावं लागलं नाही.

बाई उंच, हाडकुळ्या. वर्षानुवर्षं एकच राखाडी लोकरी झगा. आमच्या तरुणपणी फॅशनच्या नादात बायकांच्या झग्यांच्या कमरा काखेपर्यंत चढल्या, भर जानेवारीत पोरी पातळ मलमल नेसून शिंकत हिंडल्या, मग कमरा पुन्हा बोटबोट खाली यायला लागल्या. बाईंची कंबर मात्र देवानं जिथं ठेवली होती तिथंच राहिली. लग्न केलं नाही. चर्चच्या धर्मादाय शाळेत अठरा गरीब मुलींना शिवण, वाचन आणि प्रार्थना शिकवायच्या, म्हणजे त्या पोरी पुढे चांगल्या घरी कामाला लागाव्यात. शाळेला लागून दोन खोल्यांचं घर होतं, ते नोकरीसोबत मिळालेलं. थंडी असो वा नसो, डावा हात उजव्या काखेत दाबून बसायची त्यांना सवय होती. आम्ही पोरी पाठीमागे त्यांची नक्कल करायचो.

शाळा सुटली की त्या गावातल्या मोठ्या घरांच्या चादरींवर खुणा घालायच्या. ज्या घरी चादरींचे वीस-तीस जोड असतात तिथं प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं घराच्या नावाची अक्षरं आणि खाली जोडाचा आकडा घालावाच लागतो. धुण्याच्या दिवशी गवतावर पन्नास चादरी वाळत पडल्या की कुणाची कोणती ते कळायला नको? शिवाय आकड्यानं पाळीपाळीनं वापरल्या तर सगळ्या सारख्या झिजतात. ही खूण बारीक फुलीच्या टाक्यांची असते. आणि बाईंची फुली कुणालाही ओळखता यायची. आम्हा सगळ्यांच्या फुलीत वरचा दोरा उजवीकडे झुकतो, त्यांचा डावीकडे झुकायचा. मागून पाहिलं तरी पुढच्यासारखीच स्वच्छ. शाळेत त्या आम्हाला उजवीकडे झुकणारीच फुली शिकवायच्या. मी एकदा त्यांच्यासारखी डावी घालून पाहिली, तर बोटांवर पट्टी बसली. "ती माझी आहे. तू तुझी घाल," एवढंच म्हणाल्या. आम्हाला वाटलं, मोठ्या कारागिराची ऐट असणार. ती डावी फुली म्हणजे टिल्यार्डबाईंची सही, असं सगळं गाव मानून चाललं होतं.

त्या सहीनंच केझिया फ्लॅकच्या गळ्याभोवती दोर आणला.

केझिया शाळेतलीच मुलगी. आई-बाप नाहीत, आजीनं वाढवलेली. एकोणीस वर्षांची, अ‍ॅव्हरिलबाईंकडे घरकामाला. अ‍ॅव्हरिलबाई म्हणजे दारूच्या भट्टीवाल्याची विधवा. पैसा पुष्कळ आणि जीभ त्याहून जास्त. त्या वर्षी उन्हाळा आलाच नाही. पावसात पिकं कुजली, पाव महागला, जो तो दुसऱ्याच्या हाताकडे संशयानं बघायला लागला. ऑक्टोबरात अ‍ॅव्हरिलबाईंनी चादरींचं कपाट मोजायला काढलं, तर सर्वात उंची संचातले पहिले तीन जोड गायब. लगेच नोकरांच्या पेट्या उघडल्या. केझियाच्या पेटीत, तिच्या रविवारच्या झग्याखाली, तीन जोड चादरी निघाल्या. कोपऱ्यात लाल दोऱ्यानं एक, दोन, तीन असे आकडे. वर अक्षरं नाहीत, नुसती कोरी जागा. आणि आकड्यांची फुली डावीकडे झुकलेली.

केझिया म्हणाली, कापड आजीनं स्वतः कातलेलं, चादरी माझ्या लग्नासाठी मी शिवल्या. गाडीवान जोएलशी तिचं ठरलं होतं. अक्षरं का नाहीत, तर मुलगी लग्नाआधी आपल्या चादरीवर नवऱ्याच्या नावाची अक्षरं घालत नाही, अपशकुन होतो. हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. माझ्याही चादरी लग्न होईपर्यंत कोऱ्याच होत्या.

"अक्षरं होती, हिनं उसवली," अ‍ॅव्हरिलबाई म्हणाल्या. "आणि आकडे टिल्यार्डबाईंचे आहेत. माझ्या चादरींवर खुणा त्यांनीच घातल्यात. मोलकरणीच्या चादरींवर त्या कशाला घालतील?"

मग आकडे कुणी घातले, असं विचारल्यावर केझिया म्हणाली, "मी." लोक हसले. डावी फुली आणि ही घालणार! कशी घातलीस, हे विचारल्यावर मात्र तिनं तोंड मिटलं ते उघडेना. कॉन्स्टेबलनं तिला चर्चमागच्या कोठडीत टाकलं.

घरातून चाळीस शिलिंगांच्या वरची चोरी म्हणजे फाशी. अ‍ॅव्हरिलबाईंनी चादरींची किंमत सांगितली पंचेचाळीस. ऑर्डवेसाहेब आमचे मॅजिस्ट्रेट. चौकशीत त्यांना चोरी पटली असती तर केझियाची रवानगी जिल्ह्याच्या तुरुंगात, आणि मार्चमध्ये मोठ्या कोर्टापुढे. तिथं ज्युरीला दया आली तर जहाजात घालून जगाच्या दुसऱ्या टोकाला पाठवणार. नाही आली तर काय, ते सांगायला नको.

त्यात आमच्या ह्यांनी भर घातली. कापड तपासायला त्यांना बोलावलं होतं. घरी येऊन टोपी खुंटीला लावत म्हणाले, "अ‍ॅव्हरिलबाईंच्या चादरींचं विणकाम आणि या चादरींचं विणकाम एकाच हातचं आहे. म्हाताऱ्या डनच्या मागावरचं."

"असं सांगून आलात?"

"शपथेवर विचारलं, हेस्टर."

"डननं अर्ध्या गावाचं सूत विणलंय! फ्लॅकआजीचंही त्यानंच विणलं असेल."

"तेही सांगितलं. अ‍ॅव्हरिलबाईंच्या वकिलानं लिहून घेतलं नाही."

आणि डन तीन वर्षांपूर्वीच मेलेला. आजीही गेलेली. त्या पोरीच्या बाजूनं बोलायला माणूस उरलं नव्हतं. मी त्या रात्री ह्यांच्याशी बोलले नाही. त्यांचा काही दोष नव्हता, तरी बोलले नाही.

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी मी टिल्यार्डबाईंकडे गेले. शाळा सुटली होती. बाई खिडकीशी बसल्या होत्या, डावा हात काखेत दाबलेला. पुढ्यात चहा गार झालेला.

"उद्या तुम्हाला बोलावलंय," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"ते विचारतील, टाका तुमचा का. तुम्ही म्हणा, सांगता येत नाही."

"मला माझा टाका सांगता येत नाही?"

"डोळे अधू झालेत म्हणा. वय झालंय, कुणी हसणार नाही. बाई, तुम्ही हो म्हणालात तर ती पोर मेली."

त्यांनी विचारलं, "तू चादरीची पाठ पाहिलीस?"

माझं डोकंच फिरलं. "पाठ? अहो, पोरीचा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्हाला पाठ सुचते!"

"पाहिलीस का?"

"नाही. घडी घालून, लाखेची मोहोर लावून ठेवल्यात. पुढचा कोपरा तेवढा दिसतो."

त्यांनी मान हलवली आणि उठून दार उघडलं, म्हणजे मी जावं. दारात म्हणाल्या, "खिडकीवरचं फुलझाड नेतेस का? तुझ्याकडे ऊन जास्त येतं." मला काही उमगलं नाही. रागारागानं कुंडी उचलली आणि घरी आले. येताना मनात एवढंच होतं, ही बाई खरं बोलणार आणि त्या खऱ्यापायी पोर फासावर जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्डवेसाहेबांची जेवणाची खोली माणसांनी भरून गेली. मोठ्या टेबलावर चादरी ठेवलेल्या. टेबलाच्या टोकाला साहेब, त्यांच्या शेजारी अ‍ॅव्हरिलबाईंचा वकील स्नेलिंग, गुळगुळीत दाढी केलेला, गोड बोलणारा. खिडकीशी अ‍ॅव्हरिलबाई जांभळ्या रेशमी झग्यात. त्यांच्या बाजूला पाद्रीणबाई, म्हणजे फॅरंटबाई, शाळेवर देखरेख करणाऱ्या. शाळेतली शिक्षिका साक्षीला येणार म्हणून त्याही आल्या होत्या. फॅरंटबाईंपुढे आम्ही सगळ्याच सरळ बसायचो. डाव्या हातानं चमचा धरणाऱ्या पोरीत सैतान असतो असं त्यांचं ठाम मत होतं. शाळेत अशी पोर सापडली की तिचा हात मोजा घालून अंगाशी बांधायचा, हा त्यांचाच नियम. शिवाय डावखुऱ्या मोलकरणीला टेबलाशी वाढायला कोण ठेवणार, असंही म्हणायच्या. हे दुसरं तरी खरं होतं.

केझियाला आणलं. नऊ दिवस कोठडीत काढलेली पोर. ओठ फुटलेले, केसांत गवत. मागे उभ्या असलेल्या जोएलकडे तिनं पाहिलं नाही. तिनं पाहिलं ते फक्त टिल्यार्डबाईंकडे, आणि अगदी बारीक मान हलवली. नको, असं म्हणाल्यासारखी. मला वाटलं, दयेची भीक मागतेय.

स्नेलिंगनं अ‍ॅव्हरिलबाईंच्या कपाटातली एक चादर आणि केझियाच्या पेटीतली तीन आकड्याची, अशा दोन्ही शेजारी ठेवल्या. "टिल्यार्डबाई, ही आमची चादर. खूण तुमचीच ना?"

"माझी."

"आणि ही दुसरी. फुली कुठं झुकते, जरा साहेबांना सांगा."

"डावीकडे."

"ही तुमची पद्धत?"

"माझीच."

खोलीत एकदम कुजबुज झाली. जोएलच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. चांगली होती बाई, पण दगड होती, असं मी त्या क्षणी मनात म्हटलं, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

बाई मात्र जागेवर गेल्या नाहीत. त्यांनी साहेबांना विचारलं, "लाख काढून चादर उलटी करू का?" साहेबांनी मान डोलावली. बाईंनी कोपरा उलटा केला, अंगठा फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग पार उतरला.

"पद्धत माझी आहे," त्या म्हणाल्या. "पण हे मी घातलेलं नाही. पाठ बघा. दोरा इकडून तिकडे उड्या मारतोय."

स्नेलिंग हसला. "चादरींचा ढीग असतो, बाई. घाईत एखादी पाठ बिघडते."

"माझी नाही बिघडत."

"बरं. मग तुमची नाही म्हणता, तर कुणाची? या सगळ्या भागात अशी उलटी फुली घालणारं दुसरं कोण आहे? एक नाव सांगा."

बाईंनी केझियाकडे पाहिलं.

"एकच. शेजारच्या गावातलं चालेल."

फॅरंटबाईंनी हातमोजा नीट केला. केझिया एकदम म्हणाली, "बाई, नको!" कॉन्स्टेबलनं तिला दटावलं.

"एकही नाही," स्नेलिंग साहेबांकडे वळला. "तेव्हा साहेब..."

"आहे," टिल्यार्डबाई म्हणाल्या. "केझिया फ्लॅक."

लोक हसले. साहेबांनी टेबलावर हात आपटला.

"ही फुली म्हणजे ऐट नाही, साहेब. तो डाव्या हाताचा टाका आहे. मी डावखुरी आहे. आईनं लहानपणी हात मोज्यात बांधून ठेवला होता, म्हणून लोकांसमोर उजव्या हातानं शिवायला शिकले. शाळेत उजव्यानं शिकवते. घरी दार लावलं की डाव्यानं शिवते. एकोणचाळीस वर्षं." त्यांनी डावा हात काखेतून काढून टेबलावर ठेवला. साधा, म्हातारा हात. सगळे त्याच्याकडे असे बघायला लागले की जणू तो त्यांचा नव्हताच. "केझिया नऊ वर्षांची असताना शाळेत आली. तीही तशीच. तिचा हात बांधायला मला जमलं नाही. वर्ग सुटल्यावर तिला मागच्या खोलीत डाव्या हातानं शिकवायची. तपासणीच्या आधी तिचे टाके उसवून मीच उजव्या हातानं घालायची. कुणाला सांगणार नाही असा तिच्याकडून शब्द घेतला होता. म्हणून ती तुम्हाला काही सांगत नाही."

फॅरंटबाई उभ्या राहिल्या. आवाज अगदी हळू. "दर मायकेलमसच्या सणाला तुम्ही माझ्या वहीत सही केलीत, की शाळेत डाव्या हाताची एकही मुलगी नाही."

"केली, बाईसाहेब."

"खोटी."

"खोटी."

स्नेलिंगला हेच हवं होतं. "म्हणजे ही बाई स्वतःच सांगते की ती वर्षानुवर्षं खोटं बोलत आली. आता एका पोरीला वाचवायला आणखी एकदा बोलली तर नवल काय?"

"सुई-दोरा आणा," ऑर्डवेसाहेब म्हणाले.

साहेबांच्या घरातली शिवणाची पेटी आली. आधी बाईंनी सुई घेतली. फॅरंटबाईंच्या डोळ्यांदेखत, डाव्या हातात. बोटं इतकी झरझर चालली की मी चाळीस पावलांवरूनही ओळखलं असतं, हा हात जन्मभर हेच करत आलाय. चारच फुल्या. साहेबांनी कापड उलटसुलट पाहिलं, अ‍ॅव्हरिलबाईंच्या चादरीशेजारी धरलं. "ही तीच," म्हणाले. "आता मुलगी."

केझियाच्या हातात सुई दिली तर तिनं ती उजव्या हातात धरली.

"डाव्या," बाई म्हणाल्या.

"मी शब्द दिलाय, बाई. तुमची शाळा जाईल. घर जाईल."

"शब्द मी मागितला होता. मीच तो परत देते. डाव्या हातात घे."

तिनं सुई बदलली. दोरा सुईत जाईना. एकदा, दोनदा, तीनदा. नऊ दिवस त्या थंड कोठडीत राहून बोटं सुजली होती. स्नेलिंग खुर्चीत मागे रेलला आणि खिडकीबाहेर बघायला लागला, जणू त्याचं काम झालं. अ‍ॅव्हरिलबाई म्हणाल्या, "हिला साधी सुई ओवता येत नाही, आणि म्हणे..."

"केझिया," बाईंचा आवाज चढला, अगदी शाळेतला. "दोरा ओठात ओला कर. कोपर टेबलावर टेक. मान खाली. श्वास सोड आणि मग घाल. किती वेळा सांगायचं?"

केझियानं कोपर टेकलं. श्वास सोडला. दोरा गेला.

मग ती शिवायला लागली. टाक्यामागून टाका. मी मनात मोजत होते. सातव्या फुलीपाशी तिचं बोट टोचलं, कापडावर रक्ताचा ठिपका उमटला, ती थांबली, पुन्हा शिवायला लागली. शेवटी तिनं तीनचा आकडा पुरा केला आणि सुई खाली ठेवली. वरचा दोरा सगळीकडे डावीकडे झुकलेला.

साहेबांनी कापड उचललं. पुढून पाहिलं. मग उलटं केलं. मग केझियाच्या पेटीतली चादर उलटी केली. दोन्ही शेजारी ठेवून त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. दोन्ही पाठींवर दोरा तस्साच उड्या मारत गेलेला, जिथं एक फुली संपते तिथून आडवा पुढच्या फुलीकडे. कोंबडीनं माती उकरावी तसा. तीनच्या आकड्याच्या पोटात एक लांब तिरपा दोरा, दोन्हीकडे त्याच जागी.

"दहा वर्षं सांगतेय," टिल्यार्डबाई म्हणाल्या, "पाठ सुधार म्हणून. ऐकलं नाही."

आणि केझिया, ती मूर्ख पोर, तिथंही म्हणाली, "चुकलं, बाई."

स्नेलिंगनं अजून एकदा तोंड उघडलं, की या बाईंच्या शब्दावर विश्वास कसा ठेवावा. "मी बाईंवर विश्वास ठेवत नाहीये," साहेब म्हणाले. "चादरीवर ठेवतोय. मुलीला सोडा."

जोएलनं तिला धरली म्हणून ती पडली नाही. मी रडत होते आणि हसतही होते, आणि शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारत होते. टिल्यार्डबाई मात्र जागेवर उभ्या. फॅरंटबाई त्यांच्यासमोरून गेल्या, थांबल्या, म्हणाल्या, "महिनाअखेर घराची किल्ली पाठवा." बाई म्हणाल्या, "हो." तेव्हा कुठं मला त्या फुलझाडाचा अर्थ कळला. घर जाणार हे त्यांना आदल्या दिवशीच माहीत होतं.

आमच्या दुकानामागे एक खोली रिकामी होती. ह्यांनी मला न विचारता ती झाडून घेतली, आणि मी त्यांच्याशी पुन्हा नीट बोलायला लागले. बाई एक पलंग, एक खुर्ची आणि शिवणाची पेटी घेऊन आल्या. फुलझाड आधीच येऊन बसलं होतं. सुरुवातीला काही घरांनी त्यांच्याकडचं काम बंद केलं. एका बाईनं तर त्यांनी खुणा घातलेल्या चादरी परत उकळून घेतल्या म्हणे. सैतान उकळून जातो की काय, देव जाणे.

डिसेंबरात अ‍ॅव्हरिलबाईंचे तीन जोड सापडले. बहिणीच्या बाळंतपणाला त्यांनी स्वतःच पाठवले होते आणि विसरल्या होत्या. पहिल्या तीन जोडांवर बाळंतिणीला निजवायचं हा त्यांच्याच घरचा रिवाज. बहिणीनं धुऊन, लॅव्हेंडर घालून परत पाठवले. अ‍ॅव्हरिलबाई दुकानात आल्या, हवेबद्दल बोलल्या, काळी फीत मागितली. मागच्या खोलीच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि निघून गेल्या. माफीचं अक्षर नाही. मी फीत मोजताना बोटभर कमी दिली. अजूनही मला त्याचं वाईट वाटत नाही.

बाई आता भर दिवसा, चौकाकडच्या खिडकीत, सगळ्या गावासमोर डाव्या हातानं शिवायच्या. बाजाराच्या दिवशी पोरं काचेला नाक लावून बघायची. एकदा एक शेतकरीण आपल्या लहान मुलीला घेऊन आत आली. पोरीचा डावा हात झग्याच्या आत बांधलेला होता. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त गाठ सोडली आणि पोरीच्या त्या हातात एक बोथट सुई दिली. शेतकरीण दारात उभी राहून डोळे पुसत होती. त्या हिवाळ्यात अशा आणखी चार जणी आल्या. गावात इतके बांधलेले हात होते, मला काय माहीत.

मे महिन्यात केझियाचं लग्न झालं. पंधरा दिवसांनी ती एक चादर घेऊन आली. कोऱ्या जागी आता तिची आणि जोएलची अक्षरं आली होती, लाल, डावीकडे झुकलेली. तिनं चादर बाईंच्या मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात मागे बांधून उभी राहिली, शाळेत उभी राहायची तशी.

बाईंनी पुढची बाजू पाहिली नाही. चादर उलटी केली, अंगठा फिरवला. मी खांद्यावरून डोकावले. तोच गोंधळ. दोरा इकडून तिकडे, तिकडून इकडे, जराही सुधारणा नाही.

केझिया घाईघाईनं म्हणाली, "कळतंय, बाई. पाठ वाईट झालीय. उद्या सगळं उसवून पुन्हा घालते."

बाईंचा हात आपसूक कात्रीकडे गेला होता. तिथंच थांबला. इतकी वर्षं मी त्यांना ओळखते, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी मी त्याच दिवशी पाहिलं. त्यांनी कात्री पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि चादरीची पाठ दोन्ही हातांनी गुडघ्यावर सपाट केली.

"एक टाकासुद्धा उसवायचा नाही," त्या म्हणाल्या. "ऐकतेस ना?"